बोटीची काळजी घेतली, काठाची राहून गेली: नागपूरच्या एका सहलीचं प्रकरण

ही नोंद संबंधित कुटुंबांच्या संमतीने लिहिली आहे. माणसांची नावं, मंडळाचं नाव आणि ज्या छोट्या तलावावर प्रसंग घडला त्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. असे तलाव नागपूर जिल्ह्यात गावोगावी आहेत आणि दर हिवाळ्यात शेकडो कुटुंबं त्यांच्या काठावर जेवायला बसतात. त्या सगळ्यांनी हे वाचावं, एवढीच इच्छा आहे.

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरातल्या एका फ्लॅट स्कीमचं मंडळ दिवाळी आटोपली की एक दिवसाची सहल काढतं. आजी-आजोबांपासून पहिलीतल्या मुलांपर्यंत सगळे असतात, एक मोठी बस ठरते आणि सहलीचा मुख्य कार्यक्रम असतो पानग्यांचा. कणकेचे पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. विदर्भात ‘पार्टी’ म्हटलं की अनेक घरांत अजूनही हेच अभिप्रेत असतं. शेत किंवा तलाव, सावली आणि चूल मांडायला जागा मिळाली की झालं.

त्या वर्षी मुलांनी हट्ट धरला की बोटीत बसायचंच. अंबाझरी, फुटाळा हे शहरातले तलाव रोजच्या डोळ्यांसमोरचे. त्यांना मोठं, दूरवर पसरलेलं पाणी हवं होतं. एका कुटुंबाने मागच्या मे महिन्यात तारकर्लीला जाऊन कर्ली नदीच्या खाडीत बोटीतून फेरी मारली होती. त्यांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर फिरत होते, त्यामुळे हट्टाला जोर आला.

मोठ्यांची धास्ती वेगळीच होती. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा धरणात सहलीला गेलेल्या मित्रांची बोट उलटली आणि त्यांतले अनेक तरुण बुडाले. बोटीतून मोबाइलवर थेट चित्रण चालू होतं, ते चित्रण नंतर घरोघरी पाहिलं गेलं. या मंडळातल्या आयांना ते अजून आठवतं. त्यामुळे ‘पाण्याचा धोका’ म्हटलं की सगळ्यांच्या मनात बोटच येत होती. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

समोर असलेले पर्याय

सहलीच्या आधी दोन बैठका झाल्या. पहिलीत कोकणाचा विषय निघाला आणि लगेच मिटला. मालवण नागपूरपासून नऊशे किलोमीटरच्या वर, एक दिवसाचा प्रश्नच नाही. शिवाय खाडीचं पाणी भरती-ओहोटीने दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, संगमावर ओढ असते, आणि हे ओळखणारं कोणी सोबत नव्हतं. नवेगावबांधही सुचवलं गेलं. तलाव देखणा, हिवाळ्यात पक्षी भरपूर, पण गोंदिया जिल्ह्यात जाऊन-येऊन लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा दिवस बसमध्येच गेला असता. तोतलाडोहचं धरण पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे वनविभागाचे नियम आहेत आणि चूल पेटवण्याचा विचारही करता येत नाही.

राहिली खिंडसी. रामटेकजवळ सूर नदीवर इंग्रजांच्या काळात बांधलेलं हे मातीचं धरण, नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. मनसरवरून वळलं की रामटेक, गडमंदिराचं दर्शन, मग तलाव. बोटिंगची सोय वर्षानुवर्षांची. म्हाताऱ्यांना देवदर्शन, मुलांना बोट. यावर कोणाचंच दुमत झालं नाही.

अडचण जेवणाची होती. बोटिंगच्या ठिकाणी जेवण विकत मिळतं, पण पन्नासएक माणसांची स्वतःची चूल तिथे मांडू देत नाहीत. मग दोन गट पडले. काहींचं म्हणणं, एक वर्ष पानगे राहू द्या, तिथेच जेवू. बाकीच्यांचं म्हणणं, पानगे नाहीत तर सहल कशाची? बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकाजींनी मार्ग काढला. त्यांच्या ओळखीच्या गावात सिंचनाचा एक छोटा तलाव होता. काठावर मोहाची झाडं, सावली दाट, वर्दळ नाही, परवानगीची कटकट नाही. सकाळी खिंडसीत बोट, दुपारी या तलावावर पानगे.

बैठकीचं इतिवृत्त मी वाचलं आहे. बोटीबद्दल त्यात दीड पान मजकूर आहे. जेवणाच्या जागेबद्दल एकच ओळ: ‘स्वयंपाकाचं साहित्य घेऊन चार जण टेम्पोने पुढे जातील.’ तिथेही पाणी आहे, याची दखल कुठेच नाही.

सकाळ: बोटीचा भाग

हा भाग मंडळाने फार चांगला पार पाडला आणि तो तपशिलाने सांगण्यासारखा आहे.

बोटिंग सकाळी नऊलाच ठेवलं. मोकळ्या पाण्यावर दुपारी वारा वाढतो, लाटा उठतात, म्हणून दर्शन नंतर आणि बोट आधी. ‘जॅकेट नाही तर बोट नाही’ हा नियम मंडळाने स्वतःच आधी जाहीर केला होता. एक आजोबा अडून बसले. “मी सगळं आयुष्य नदीत पोहलो, मले काऊन बांधता?” सचिव बाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. “आजोबा, तुमी घातलं तर पोट्टे घालतील,” एवढंच म्हणाल्या. आजोबांनी घातलं.

जॅकेट नुसतं अंगात अडकवलेलं चालत नाही, हेही त्यांनी पाहिलं. सगळे पट्टे लावायचे, मग मागे उभं राहून जॅकेट खांद्यांशी धरून वर ओढायचं. ते कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे, पाण्यात माणूस खाली राहील आणि जॅकेट वर येईल. दोन लहान मुलांना मापाचं जॅकेट मिळालं नाही, तर त्यांना बोटीत बसवलंच नाही. मुलं रडली. त्यांच्या आया काठावर थांबल्या. बोटवाल्याने सांगितलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त चढला नाही आणि चालत्या बोटीत कोणी उभं राहिलं नाही.

बोटीतून सगळे सुखरूप उतरले, गडावर दर्शन झालं आणि बसमध्ये एकदम मोकळं वातावरण झालं. नंतर बोललेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली: “बोट झाली, आता काही टेन्शन नाही असं वाटलं.”

दुपार: काठावर काय घडलं

तलावाच्या भिंतीकडच्या टोकाला ‘पाण्यात उतरू नये’ असा फलक होता. मंडळी बसली ती दुसऱ्या टोकाला, मोहाच्या झाडांखाली. तिथून फलक दिसत नव्हता. समोर उतार इतका सौम्य की पाणी गवतात कुठे सुरू होतं तेही कळत नव्हतं. काठाने बेशरमाची झुडपं, थोडं आत शिंगाड्याचे वेल, वर काही बगळे.

जेवणाआधी मुलं हात-पाय धुवायला पाण्यात गेली. घोटाभर पाणी, कोणी अडवलं नाही. जेवणानंतर बायका पातेली आवरत होत्या, पुरुष पत्ते खेळत होते, काही जण चादर अंथरून आडवे झाले होते. आठवीतला एक मुलगा आणि त्याचा धाकटा आतेभाऊ पुन्हा पाण्यात गेले. धाकट्याची चप्पल पाण्यावर तरंगत आत गेली. मोठा ती आणायला निघाला. एका काकूंनी हटकलं, तर तो म्हणाला, “गुडघाभर पाणी आहे, काकू.” ते खरंही होतं. पुढची पाच-सहा पावलं पाणी गुडघाभरच होतं. त्याच्या पुढच्या पावलाला जमीनच नव्हती.

तो ओरडला नाही, हात हलवून मदत मागितली नाही. धाकटा काठावरून पाहत होता. त्याला वाटलं दादा डुबकी मारतो आहे. बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा आरडाओरडा क्वचितच करतो. तोंड पाण्याच्या पातळीला आलं की मिळेल तो श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते, हात आपोआप पाणी खाली दाबत राहतात आणि लांबून पाहणाऱ्याला तो खेळतो आहे असंच वाटतं. सचिव बाईंचं लक्ष योगायोगाने गेलं. डोकं मागे झुकलेलं, तोंड उघडं, केस डोळ्यांवर आणि ते बाजूला सारायला हात वर येत नाही. त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही.

हा मुलगा पोहायला शिकलेला होता. दोन उन्हाळे तो शहरातल्या जलतरण तलावात जात होता, म्हणून घरचे निर्धास्त होते. पण तिथे तळ दिसतो, कठडा हाताशी असतो, अंगात पोहण्याची चड्डी असते. इथे अंगात जीन्स, गढूळ पाणी, पायाला शिंगाड्याचे वेल आणि अचानक सुटलेली जमीन.

पहिला निर्णय: उडी की दोरी

मुलाचे वडील धावत सुटले. त्यांना पोहता येत नव्हतं. त्यांच्यामागे आणखी दोघं. बसचा ड्रायव्हर चुलीपाशी बसला होता, त्याने वडिलांना मागून कंबरेला धरलं. “साहेब, तुमी नका उतरू. दोरी फेकतो.” वडिलांनी त्याला हिसडा दिला, हाताला चावा घेतला. त्याने सोडलं नाही.

आपल्या तलावांवर एका मुलाच्या जागी तीन माणसं जातात ती याच क्षणी. बुडणारा जवळ आलेल्याला मिठी मारतो, वर चढू पाहतो आणि चांगला पोहणाराही खाली जातो. ड्रायव्हर शिवारातल्या विहिरी-तलावांवर वाढलेला होता, त्याने हे आधी पाहिलं होतं.

बसच्या टपावर सामान बांधायची नायलॉनची दोरी होती. क्लीनरने ती आणली आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार ओतून रिकामा केला. पूर्ण नाही, तळाशी थोडं पाणी ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि दोरी जारच्या गळ्याला बांधली. साफ रिकामा जार वाऱ्याने भरकटतो, थोडं वजन असलं की नेमका जातो. पहिली फेक डावीकडे पडली. दुसरी मुलाच्या पुढे गेली आणि दोरी ओढता ओढता जार त्याच्या छातीशी आला. त्याने तो कवटाळला.

पाण्यात माणसाचं डोकं बाहेर ठेवायला फार उचल लागत नाही, वीस लिटरचा बंद जार एका माणसाला पुरून उरतो. दोघातिघांनी दोरी ओढली. पाणी कमरेच्या खाली आहे अशा जागी दोन माणसं हात धरून साखळी करून उभी होती, त्यांनी त्याला घेतलं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं झाली असावीत. प्रत्येकजण वेगळं सांगतो.

दुसरा निर्णय: पोट दाबायचं की नाही

मुलगा शुद्धीवर होता, पण खोकला थांबत नव्हता आणि ओठ निळसर झाले होते. कोणीतरी त्याला पालथं घालून पाठ-पोट दाबायला सांगितलं, कोणी पाय धरून उलटं टांगायला. ‘पाणी काढणं’ ही आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया. मंडळात एक परिचारिका होत्या, त्यांनी सगळ्यांना मागे सारलं. पोट दाबलं की उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. फुफ्फुसांत गेलेलं पाणी पोट दाबून निघत नाही. मुलगा श्वास घेत होता म्हणून त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, ओले कपडे काढून चादरीत गुंडाळलं. श्वास थांबलेला असता तर आधी तोंडाने श्वास देऊन मग छाती दाबायला सुरुवात करायची त्यांची तयारी होती. बुडण्यात शरीरातला प्राणवायू संपलेला असतो, म्हणून नुसती छाती दाबणं पुरत नाही.

तिसरा निर्णय: घरी की दवाखान्यात

मला या प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णय हाच वाटतो. पंधरा-वीस मिनिटांत मुलगा बोलायला लागला. “मी ठीक आहे” म्हणाला, पाणी प्यायला, थोडा हसलासुद्धा. आजी त्याची दृष्ट काढायच्या तयारीत होती. वडील हादरले होते, त्यांना फक्त घरी जायचं होतं. बसमधल्या पन्नास माणसांचा सूरही तोच. संध्याकाळ होईल, मुलं दमली आहेत, नागपूर गाठू, उद्या डॉक्टरांना दाखवू.

परिचारिका बाई एकट्या पडल्या. फुफ्फुसात थोडं जरी पाणी गेलं असेल तरी पुढच्या काही तासांत श्वासाचा त्रास वाढू शकतो, त्यामुळे आत्ता बरं वाटतं याला अर्थ नाही, हे त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. १०८ ला फोन लावायचा तर तलावाच्या खोलगटात नेटवर्क नव्हतं. शेवटी टेम्पो रिकामा करून त्यातून मुलाला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. भिंतीवर चढल्यावर नेटवर्क आलं, तेव्हा रुग्णालयाला आधी कळवता आलं.

तिथे तपासलं तर रक्तातला प्राणवायू कमी होता. ऑक्सिजन लावला, रात्रभर देखरेखीत ठेवलं. रात्री उशिरा त्याला धाप लागली होती. ती धाप घरच्या पलंगावर लागली असती तर काय झालं असतं, हा विचार त्याच्या आईने माझ्याजवळ दोनदा बोलून दाखवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला घरी सोडलं. आज तो ठणठणीत आहे.

तिथे खड्डा कसा आला

काही दिवसांनी काकाजी आणि ड्रायव्हर पुन्हा त्या तलावावर गेले. मासेमारी करणाऱ्या एका ढिवर गृहस्थाने त्यांना जागा पाहताक्षणी सांगितलं, “इथं उन्हाळ्यात पोकलेन लागला होता ना जी.”

आपले बहुतेक तलाव मातीच्या भिंतीचे आहेत. बांधताना भिंतीची माती आसपासच्याच जमिनीतून, बऱ्याचदा आजच्या पाण्याखालच्या भागातून खणलेली असते. पुढे वर्षानुवर्षं गाळ साचतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत उन्हाळ्यात गाळ काढून शेतांत टाकला जातो. शेताला तो सोन्यासारखा असतो, तलावाची साठवणही वाढते, काम चांगलंच आहे. शिवाय गावकरी रस्त्यासाठी मुरूम नेतात. यंत्राने खणलेल्या खड्ड्याची कड मात्र सरळ उभी असते. मे महिन्यात ती दहा वर्षांच्या मुलालाही दिसते. पावसाळ्यात तलाव भरतो, खड्डा झाकला जातो आणि नोव्हेंबरात वर उरतं ते एकसारखं शांत पाणी. त्यात आपली काळी माती. ओली झाली की पाय सरकतो, आणि कडेवरून सरकलेला पाय परत वर घेता येत नाही, कारण धरायला हाताखाली चिखलच येतो.

म्हणून तलावाचा उतार बाहेर सौम्य दिसतो यावरून आतल्या उताराचा अंदाज करता येत नाही. स्थानिक माणसाला विचारणं हाच भरवशाचा मार्ग. विशेषतः मासेमारी करणारे आणि शिंगाडा लावणारे, कारण ते पाणी उतरलेला तलाव दरवर्षी पाहतात.

काय वेगळं करता आलं असतं

मंडळाच्या नंतरच्या बैठकीत बराच वेळ ‘मुलांकडे लक्ष कोणाचं होतं’ यावर गेला. ती चर्चा मला निष्फळ वाटते. पन्नास माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतो आहे. बोटीत चढताना सचिव बाई एक-एक जॅकेट ओढून पाहत होत्या, कारण ते काम त्यांच्या नावावर होतं. काठ कोणाच्याच नावावर नव्हता. जेवणाच्या दोन तासांत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने एक प्रौढ माणूस, हातात पत्ते नाहीत, मोबाइल नाही, फक्त पाण्याकडे तोंड करून बसलेला असता, तर चप्पल आत गेली तेव्हाच मुलगा अडवला गेला असता.

चूल पाण्यापासून लांब मांडायला हवी होती. मोहाची सावली वरच्या बांधावरही होती. पाणी हवं म्हणून जवळ बसलो, असं स्वयंपाकाच्या चौघांनी सांगितलं, पण प्यायचे जार सोबत होते आणि भांडी घासायला बादलीने पाणी आणता आलं असतं. टेम्पोवाले चौघे दोन तास आधी पोचले होते. तेवढ्या वेळात गावात एक चक्कर मारून “कुठं खोल आहे?” एवढं विचारायला कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

दोरी आणि जार बसमध्ये होते हा निव्वळ योग. ते मुद्दाम ठेवायला हवेत: वीस-पंचवीस मीटर दोरी, झाकण असलेला जार आधीच बांधून, काठावर, सगळ्यांना दिसेल असा. तसंच मुक्कामाच्या जागी नेटवर्क आहे का आणि जवळचं रुग्णालय कोणतं, हे सकाळीच पाहून ठेवायचं.

एका मुद्द्यावर माझं मंडळाशी जमत नाही. काही पालकांनी ठराव मांडला की यापुढे सहल पाण्याकाठी नकोच. नागपूरच्या मुलाला समुद्र, खाडी शेकडो किलोमीटरवर. त्याच्या वाट्याचं मोठं पाणी म्हणजे खिंडसी, नवेगाव, पेंच. तेही तोडलं तर ही मुलं पंधरा-सोळाव्या वर्षी घरी न सांगता मित्रांबरोबर जातीलच, आणि तेव्हा दोरी धरायला कोणी मोठं माणूस तिथे नसेल.

पुढे काय झालं

ठराव थोड्या मतांनी फेटाळला गेला. दोन कुटुंबं त्यानंतर सहलीला आलेली नाहीत. त्यांचा निर्णय मंडळाने मान्य केला, आग्रह धरला नाही. पुढच्या वर्षीची सहल पुन्हा खिंडसीलाच गेली. जेवण तिथेच विकत घेतलं आणि पानग्यांसाठी जानेवारीत एका सभासदाच्या शेतावर वेगळा दिवस ठेवला. शेतातली विहीर बिनकठड्याची होती. आदल्या दिवशी ड्रायव्हरला सोबत घेऊन काकाजी तिथे गेले आणि बांबू-काटेरी फांद्यांचं कुंपण घालून आले. परिचारिका बाईंनी मंडळातल्या वीसेक जणांना श्वास देणं आणि छाती दाबणं एका बाहुल्यावर करून दाखवलं. शिकणाऱ्यांत तो आठवीतला मुलगाही होता.